जावयासाठी राखलेला गिझर

तीर्थरूप नाना,

सुरतेहून भाविकाचा नमस्कार. इकडे आम्ही मजेत आहोत. कापूस वेचून झाला का?

मी पाठवलेला गिझर तुम्ही बसवून घेतलात, बरे वाटले. पण त्याचे प्लास्टिकही काढले नाही म्हणे. "जावई येतील तेव्हाच चालू करू," असे तुम्ही म्हणालात. आईने फोनवर हसत सांगितले आणि हसता हसता तिला खोकला आला. रोज पहाटे बंबात कापसाची वाळकी पऱ्हाटी घालून ती अजून धूरच खाते ना?

नाना, गिझर आईसाठी आहे. तुमचे जावई तर थंड पाण्यानेच आंघोळ करतात.

आईची आंघोळ गिझरच्या पाण्याने झाल्याशिवाय आम्ही दोघेही पहूरला येणार नाही. जावई हवे असतील तर आधी तिला बटण दाबू द्या.

तुमच्यासारखीच हट्टी,
भाविका