विचारायचं नाही, चोरायचं!

२ ऑक्टोबर, सोमवार
बुऱ्हान मला चोरायला तयार नाही! डोकं आपटू का हात जोडू?

"आमच्या सुम्बावात आधी वडीलधारे मागणी घालतात," म्हणे. "मग उटणं, मग वाजतगाजत वरात. मी काय चोर आहे?" फेरीबोटीनं दोन तास, आणि पलीकडं सगळंच उलटं!

म्हटलं, बाबा रे, आम्ही लोम्बोकचे सासाक. दारात मुलगी मागायला आलास तर आमाक कोयता काढतील. "माझी पोरगी काय कोंबडीचं पिल्लू आहे, द्या हो एक म्हणायला?" बाप माझा हे प्रत्येक लग्नात ऐकवतो. मुलगी चोरून नेली तरच मान!

तो मागितल्याशिवाय नेणार नाही, आमाक मागितलं तर देणार नाहीत. मी बसते म्हातारी होत.

४ ऑक्टोबर, बुधवार
बुऱ्हानच्या इथं राहणाऱ्या बहिणीला मुलगी झाली, आमच्याच दवाखान्यात, माझ्याच हातून! नर्सबाई, म्हणजे मी, खूश. नाळेसकट वार धुवून तिच्या नवऱ्याच्या हातात ठेवली तर तो पांढराफटक. त्यांच्या घरी हे आजी बघते. मी म्हटलं, आमच्यात वार म्हणजे बाळाचं भावंड, बापानंच पुरायची. पूर मुकाट्यानं!

आमाकनी माझी कुठं पुरली ते कधी सांगितलं नाही. आईला, इनाकलाही नाही. "सांगितलं तर ही बया उकरून बघेल."

५ ऑक्टोबर, गुरुवार
पहाटे आजोबा, आमाकचे वडील, गेले. झोपेतच. आमाक रडले नाहीत, फावडं घेऊन कबर खणायला गेले.

९ ऑक्टोबर, सोमवार
घर माणसांनी भरलंय. जो येतो तो तांदूळ-साखर घेऊन येतो. आजोबांचं बोलणं सारखं आठवतं — "मी मेलो की नवव्या दिवसाचं जेवण होऊ दे, मग लगेच पळ. माझं निमित्त करून बसू नकोस!" आजीला त्यांनी म्हशीवरून पळवली होती. रडता रडता हसू येतं.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार
अगं आई गं! लिहिताना हसू आवरत नाही!

आज आजोबांचा नववा. दीडशे पानं जेवत होती. आणि दारात कोण? बुऱ्हानचे मामा, हाजी मुस्तामीन! मागे चार जण, डोक्यावर झाकलेली तबकं. न कळवता मागणी घालायला आले! मी भाताचं पातेलं घेऊन जागीच खिळले.

हाजी म्हणाले, "आम्ही एका कामासाठी आलोय —"

आमाकनी तबकं बघितली. तांदूळ, साखर, पान-सुपारी. त्यांचा हात धरला आणि ढसाढसा रडले! आठ दिवसांत पहिल्यांदा. "समजलं, समजलं. अल्लाची मर्जी. बसा, जेवून जा."

संध्याकाळी बुऱ्हानचा फोन. मामा बोटीवरूनच ओरडले होते म्हणे, "पोरा, होकार! काय माणसं! मागणीला एवढी पंगत? आमच्याकडं मयतालाही इतकी गर्दी नसते!"

म्हणजे त्यांनी मागितलं. आणि आमाकना कुणी काही मागितलंच नाही! दोघांचाही मान शाबूत. मी न्हाणीघरात तोंडात टॉवेल कोंबून हसले.

१४ ऑक्टोबर, शनिवार
आमाकनी विचारलं, "ते सुम्बावाचे कोण गं?"
म्हटलं, "बोटीवरच्या ओळखीचे."
"हं," म्हणाले, आणि तंबाखू मळत बसले.

१७ ऑक्टोबर, मंगळवार
चोरली! चोरली! चोरली!

सूर्य बुडाला, मगरिबची अजान झाली, मी भाताच्या कणगीमागची पिशवी उचलली. बुऱ्हान मागच्या दारी. घामाघूम. कुत्र्यालासुद्धा "माफ करा" म्हणाला! एक चप्पल चिखलात रुतली, तशीच टाकून पळालो. आता शेजारच्या गावात त्याच्या मित्राच्या काकूकडं लपलेय. काकू म्हणते, "एवढी हसणारी चोरीची नवरी नाही बघितली बाई."

१८ ऑक्टोबर, बुधवार
सकाळी इथले सरपंच रीतीप्रमाणे आमाकना सांगून आले. इनाक फोनवर कुजबुजली, "असे ओरडले! लुटलं, दरोडा पडला! अख्खी गल्ली गोळा केली. मग दोन ताटं भात जेवले."

दुपारी पिशवी रिकामी केली. तळाशी आमाकची तंबाखूची थैली. मी ठेवली नव्हती. आत मूठभर माती आणि चिठ्ठी, त्यांच्या वाकड्या अक्षरात —

"फणसाखालची आहे. तुझ्या भावंडाची जागा. आता उकरू नकोस.
हाजींना सांग, त्या दिवशी मी माझ्या बापासाठी रडलो नव्हतो."