वरचं पातं

१२ जाने., सोम.
आईचं धनुष्य कपाटामागून काढलं. एरवी फक्त दसऱ्याला बाहेर येतं. लांबी १६८ सें.मी. मधे लाकडी मूठ, वर-खाली एकेक पातं, बांबूच्या पट्ट्या एकावर एक चिकटवून केलेलं. व्हार्निश पिवळं पडलेलं, मुठीजवळ सोललेलं. याच्यावरून शेवटचा बाण सुटला तो माझ्या जन्माआधी.
दादरच्या एका मैदानावर मुलींना तिरंदाजी शिकवायला बाई हव्या आहेत. आईचं नाव जुन्या मैत्रिणीने सुचवलं. १ फेब्रु., रविवारी तिथे स्वतः नेम मारून दाखवायचा. निवृत्त झाल्यापासून दोन वर्षं गॅलरीत बसून होती. आता रोज सकाळी खिडकीच्या गजाला रबरी पट्टा बांधून ओढते.
मैदानावरचं एखादं घे म्हटलं. ‘दुसऱ्याचं धनुष्य म्हणजे दुसऱ्याचा चष्मा.’
मुलगी, म्हणजे मी, रंगांच्या लॅबमध्ये, तेव्हा पॉलिश घरीच होणार. हे आईने विचारलंही नाही.

१४ जाने., बुध.
जुनं व्हार्निश काढायला घेतलं. शेजारच्या काकू तिळगूळ घेऊन आल्या, नाकाला पदर. थिनरच्या वासाने अख्ख्या मजल्याचं डोकं धरलंय म्हणाल्या. मग, ‘रुखवत पॉलिश करतेस होय गं?’ आई हसली. बऱ्याच दिवसांनी. मी काम चालू ठेवलं.

१८ जाने., रवि.
१२० नंबरचा पॉलिश पेपर मारून झाला. वरच्या पात्यावर, मुठीपासून वीतभर अंतरावर, रुपयाएवढा लाल डाग. घासून जाईना. दर दसऱ्याला आई नेमकी इथेच ओलं गंध, हळदकुंकू लावते, दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने पुसते. तीस वर्षं. व्हार्निश तिथे फुटलं, पाणी आत मुरत राहिलं.
डागाखाली दोन पट्ट्या सुटल्यात. फट ४१ मि.मी. लांब. पातळ ब्लेड सरकवून पाहिलं, अडलं नाही.
आईने विचारलं एवढं काय निरखतेस. डाग आहे म्हटलं.
‘असू दे. देवाचा आहे.’

२० जाने., मंगळ.
माहीमला एक म्हातारे गृहस्थ आहेत, बॅट, हॉकी स्टिका दुरुस्त करतात. अर्धा दिवस सुट्टी काढून त्यांच्याकडे नेलं. त्यांनी नखाने टकटक केलं, वरपासून खालपर्यंत. एका जागी आवाज बदलला. मलाही कळला.
‘पॉलिश मस्त कर, भिंतीवर टांग. दोरी नको चढवू, बाय.’
चहा पाजला. पैसे घेतले नाहीत. त्यावरून काय ते समजले.

२२ जाने., गुरु.
तरीही फटीत इपॉक्सी भरलं. चार क्लॅम्प आवळून, चोवीस तास. आतल्या कुजक्या तंतूंवर काहीच धरत नाही, हे मला पहिल्या वर्षाला शिकवलं होतं.

२५ जाने., रवि.
व्हार्निशचा तिसरा हात. मधे ४०० चा ओला पेपर. फुगा नाही, ओघळ नाही, धूळ नाही. आजवरचं माझं सर्वांत चांगलं काम असावं. डागावर रंग जुळवून घेतला. फट बोटाने शोधली, मलाच सापडली नाही.
आई दोनदा येऊन बघून गेली. हात लावला नाही, ओलं असेल म्हणून.

२८ जाने., बुध.
सांगितलं. फट किती, कुठे, सगळं आईला. ओढताना मोडलं तर पट्टीची चिरफळी तोंडावर येईल, डोळाही जाईल. गंधाचं सांगितलं नाही.
तिने धनुष्य उजेडात धरलं, फिरवून फिरवून पाहिलं. कुठेय म्हणाली. मी जागा दाखवली. तिथे फक्त चमक होती.
‘तुला कुठल्या वस्तूत दोष दिसत नाही, ते सांग एकदा.’
हे धनुष्याबद्दल नव्हतं. निदान सगळं नव्हतं.
पॉलिशच केलं नसतं तर विश्वास बसला असता.

२९ जाने., गुरु.
तिच्या मैत्रिणीला फोन करून रविवार रद्द करायला सांगावं, असा विचार. नंबर काढला. आत आई पट्टा ओढत मोजत होती. अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास. फोन केला नाही.

३१ जाने., शनि.
दोनला घरी आले तर दोरी चढवलेली. एकटीने चढवली, पाय घालून, पूर्वीसारखी. धनुष्य टेबलावर, आई शेजारी बसून.
दोरीपासून दोन्ही पात्यांचं अंतर मोजलं. वरचं खालच्यापेक्षा ८ मि.मी. जास्त. सहाला पुन्हा मोजलं, ११. काही न करता, नुसतं पडून, वरचं पातं वाकत चाललंय.
मागे आई उभी होती हे कळलं नाही. किती म्हणाली. तीन मिलिमीटर, चार तासांत. ती मोजपट्टीकडेच पाहत होती. वाटलं, आता दोरी उतरवेल.
‘उद्या सकाळपर्यंत पुरेल,’ म्हणाली, आणि पंजाबी ड्रेसला इस्त्री करायला गेली.
आठला पोचायचं आहे. तू येतेस का, हे तिने विचारलेलं नाही. साडेसहाचा गजर मी माझ्याही फोनवर लावलाय.