वस्तू कामावर गेली आहे

४ फेब्रुवारी, मंगळवार
न्हावी खुर्ची घेऊन गेला. त्याच्या आजोबांची खुर्ची, संग्रहालयाच्या मधोमध ठेवलेली — आमची शान! दुकानातल्या नव्या खुर्चीचा पाय मोडला म्हणे. "काका, तुम्हीच लिहून दिलंय ना?"

दिलंय खरं. संग्रहालय उघडलं तेव्हा गावात कुणी वस्तू द्यायला तयार नव्हतं. मग मीच अट घातली — लागली तर घेऊन जावी, काम झालं की आणून ठेवावी. तेव्हा काय माहीत, अर्धं संग्रहालय गावाला रोजच लागतं!

रिकाम्या जागी नेहमीप्रमाणे चिठ्ठी लावली.

इथे एक खुर्ची, कुठे आज गेली?
पुन्हा केस कापायला ती निघाली!

भुजंगप्रयात. बोटांवर गण मोजले, एकही हुकला नाही. गुरुजी असते तर पाठीवर थाप दिली असती. किंवा छडी — खुर्ची जाऊ दिली म्हणून.

६ फेब्रुवारी
शाळेची विजेची घंटा बिघडली. शिपाई आमची पितळेची घंटा घेऊन गेला. चिठ्ठी.

दुपारी खिडकीत बसलो होतो. समोर ओहोटीचा चिखल, कलंडलेल्या होड्या — आणि ती वाजली! पासष्ट वर्षांनी. मी आपोआप उभा राहिलो, हाताची घडी घातली आणि चौथीतली कविता म्हणू लागलो. दोन कडवी झाल्यावर लक्षात आलं, दारात बर्फवाला उभा आहे. खालच्या मजल्यावर त्याचा बर्फाचा कारखाना. आमच्या खोलीवर त्याचा कधीचा डोळा आहे — खोके ठेवायला.

फळ्यांवरून नजर फिरवून म्हणाला, "काका, एवढ्या चिठ्ठ्यांना माझा एक खोका पुरेल."

८ फेब्रुवारी
संग्रहालयाला खोली देणाऱ्या संस्थेच्या मुख्य कार्यालयाचं पत्र. चौदा तारखेला तपासणी. वस्तू जागेवर नसतील तर खोली काढून घेऊन बर्फवाल्याला देणार.

सदतीस वस्तूंपैकी जागेवर नऊ. त्यातला एक नांगर, तो कुणाला उचलत नाही म्हणून.

खोली गेली तर मी जायचं कुठे? घरी मी जिथे बसतो, नेमकं तिथेच कुणाला तरी झाडायचं असतं. इथे निदान धूळ माझी आहे.

१० फेब्रुवारी
गावभर फिरलो. न्हावी म्हणाला, नवा पाय यायला पंधरा दिवस. शाळा म्हणाली, परीक्षा तोंडावर. मासे विकणाऱ्या मावशीकडे जुना तराजू मागितला, तर तिने असं पाहिलं, जणू मी तिचा हातच मागितला. खाऱ्या वाऱ्यात विजेचे काटे महिनाभरही टिकत नाहीत म्हणे. "हा तुमच्या आज्यापासून खरं बोलतोय. तुमच्या फळीवर बसून काय झोपा काढणार?"

कोळशाची इस्त्री कुठे आहे, ते मला पक्कं माहीत आहे. आमच्याच घरात. वीज गेली की सूनबाई ती वापरते. चिठ्ठीवर मी 'दुरुस्तीस दिली आहे' असं लिहिलंय. गद्यात. खोटं मला वृत्तात जमत नाही.

सूनबाईला इस्त्री मागितली. तिने आधी मलाच झापलं — सकाळी जाता ते दिवे लागल्यावर येता, जेवण गार होतं, विचारलं तर 'संग्रहालय'! "बाबा, घरातून जाताना स्वतःचीही एक चिठ्ठी लावत जा."

इस्त्री दिली नाहीच.

१३ फेब्रुवारी
वस्तू नऊच. नांगर पुसला. दोनदा.

१४ फेब्रुवारी
तपासनीस बाई आल्या. वयाने माझ्या नातीएवढ्या. हातात यादी. फळीपुढे उभ्या राहायच्या, चिठ्ठी वाचायच्या, पुढे सरकायच्या. खुर्चीच्या चिठ्ठीपाशी ओठ हलताना दिसले — गण मोजत होत्या का? की माझा भास?

मग म्हणाल्या, "चला, वस्तू दाखवा." मी म्हटलं, चालावं लागेल.

गेलो. न्हाव्याच्या खुर्चीत एक गिऱ्हाईक तोंडाला फेस लावून घोरत होतं. यादीवर खूण. मावशीने तराजूत पापलेट टाकून वजन करून दाखवलं आणि बाईंना ते घ्यायलाही लावलं. खूण. शाळेची घंटा ऐन वेळी वाजली. खूण. मग बाईंनी विचारलं, इस्त्री कुणाकडे दुरुस्तीला आहे? मी लोहाराचं नाव घेतलं. तो आज बाहेरगावी असेल, असंही म्हटलं. बरं, म्हणाल्या. ऊन फार होतं, म्हणून त्यांना चहाला घरी नेलं.

दारातच धुराचा वास. वीज गेलेली. सूनबाई माझ्याच सदऱ्यावर इस्त्री फिरवत होती.

बाईंनी खूण केली, चहा घेतला, पापलेटाची पिशवी उचलली. निघताना म्हणाल्या, "आजोबा, तुमचं संग्रहालय उत्तम चाललंय. फक्त ते त्या खोलीत नाहीये."

मी हरखून गेलो. दुसरं वाक्य तेव्हा नुसतं कानावरून गेलं.

२० फेब्रुवारी
अहवाल आला. 'संग्रह सुस्थितीत व वापरात. यादी व चिठ्ठ्या पुढेही ठेवाव्यात. खोलीची आवश्यकता नाही.'

२२ फेब्रुवारी
बर्फवाल्याला किल्ली दिली. उरलेल्या आठ वस्तू शाळेने नेल्या. नांगर तिथेच. सगळ्या चिठ्ठ्या काढून खिशात घातल्या. बर्फवाल्याने खरंच एक खोका दिला — "राहू द्या काका, लागेल." टोमणा नव्हता. त्यामुळे जास्त लागलं.

दिवे लागायच्या आधीच घरी. कितीतरी वर्षांनी.

२३ फेब्रुवारी
नऊ वाजले. जायला कुठे नाही. झाडायची वेळ होईल म्हणून कोपऱ्यात उभा राहिलो.

२४ फेब्रुवारी
सकाळी दारापुढच्या ओट्यावर माझी आरामखुर्ची. शेजारी चिठ्ठ्यांचा खोका, वर चहा. खुर्चीच्या पाठीला डिंकाने चिकटवलेला कागद, सूनबाईचं अक्षर —

इथे एक म्हातारबाबा बसावा
कुणी मागू नये, तो आमच्या रोजच्या वापरातला आहे.

दुसरी ओळ वृत्तात मुळीच बसत नाही. गण मोजायला घेतले. सोडून दिले. तशीच राहू दे.