गोड बोलू नका

दौंड,
९ जानेवारी २०२६

थोरल्या जाऊबाई वच्छलाबाई यांस,

धाकट्या झुंबरचा डाव्या हातानं नमस्कार. उजवा रिकामा न्हाई असं समजा. अक्षर कोंबडी नाचल्यावानी दिसंल, पण तुम्ही चौथी नापास, तुम्हाला काय फरक पडतोय.

हिकडं बरं हाय. पोराची, नवनाथची, कुरकुंभच्या कंपनीत सेकंड शिफ्ट चालू हाय. सून भाजीत मीठ घालत न्हाई, माझ्या बीपीसाठी म्हणं. तुमची गाय व्याली का? आन् बांधावरचं लिंबू? ते माझ्या हिश्श्यात हाय. आपलं बोलणं बंद झालं म्हणून मी इसरले न्हाई.

आता हाताचं. दिवाळीआधी डोक्यात रक्ताची गाठ झाली, हात गेला. तुम्हाला कळवू नको म्हणून पोराला मीच शपथ घातली. पुण्याचा डॉक्टर म्हणतो, डोक्यात बारकी चकती बसवू. तिच्यात बनावट पेशी हायती, त्या मेलेल्या पेशींचं काम करतील. मी म्हणलं, एक माझ्या जावंला बी बसवा. तो हसला न्हाई.

तो खरं सांगतो, त्याचंच भ्या वाटतं. मेंदू लई हळू बोलतो आन् मशीन वरडतं म्हणं. जोर जास्त झाला तर फिट येती, कमी पडला तर मेंदूला ऐकूच जात न्हाई. आन् पायात मोडलेल्या काट्याभवती कातडं धरतं, तसं मेंदू बी परक्या वस्तूभवती धरतो. एका माणसाचा हात हलाय लागला होता, मग कातडं धरलं, चकती मुकी झाली. काढाय गेले तर त्याची वाचा गेली.

मी हो म्हणून आले. मग मोरीत नळ सोडून बसले.

हाताची जागा आन् बोलायची जागा डोक्यात शेजारी हायती, आपल्या दोन वावरांवानी. मधला बांध दर माणसाच्या डोक्यात येगळ्या जागी. म्हणून मला जागी ठिवून डोकं उघडणार. मी बोलत राहायचं. शब्द अडला की तिथं बांध, डॉक्टरनं मागं सरायचं.

परवा तालीम झाली. नर्स म्हणली, आज्जी, बोला कायबी. मी भाकर म्हणले आन् गप. भ्यानं जीभच उचलंना. डॉक्टर म्हणला, अशा गप बसलात तर मला बांध कळायचा कसा? ज्याच्याशी तुम्ही न थांबता बोलता, असं कुणीतरी आणा.

मी म्हणलं, हाय एक. पण ती माझ्याशी बोलत न्हाई.

बुधवारी संक्रांत. सकाळी यवतला पुण्याच्या डेमूत बसा. आम्ही दौंडहून त्याच गाडीत असू, तुमची जागा धरून ठिवते. गुरुवारी ऑपरेशन. तीळगूळ आणा, पण गोड बोलू नका. गोड बोललात तर मी रडंन आन् गप बसंन. लिंबू तुमचं म्हणा. तुमच्या दिरानं बांध कोरला म्हणा, ते मेलेत तरी चालंल.

आन् मी उलटून बोलले न्हाई, तर डॉक्टरला म्हणा, थांब. ही अशी गप बसणारी न्हाई.

गुरुवारपतुर तरी बोलणारी,
तुमची धाकटी
झुंबर