कुलदीपची वही

गुरुवार, १३ नोव्हेंबर

मृण्मयीने आज शरणागती पत्करली. तेव्हापासून मी सावध आहे.

"आई, दोन दिवस कुलदीपबरोबर राहून बघ. नंतर तू नाही म्हणालीस तर लग्न नाही. विषय बंद." सत्तावीस वर्षांत या मुलीने माझ्या पसंतीची चप्पलसुद्धा घेतलेली नाही. आणि आता अख्खा नवरा माझ्यावर सोपवते? काहीतरी शिजतंय.

कुलदीप म्हणजे सोमवार ते शुक्रवार कॉम्प्युटर, आणि शनिवार-रविवार लोकांना एका भल्यामोठ्या पंखाला टांगून टेकडीवरून उडवणं. हँग ग्लायडिंग. घराणं जुन्या हैदराबाद संस्थानातलं, आजोबा नांदेडकडचे. वडील नाहीत. आई मालनबाई, सुलतान बाजारात कापडाचं दुकान चालवतात. मुलगा पीत नाही, ओरडत नाही, उलट बोलत नाही. वीस वर्षं मी दिवाळी अंकांतून माणसांचे दोष मांडतेय. बिनदोषाचा माणूस दिसला की माझं नाक फुलतं.

किशोर म्हणाला, "मुलगा चांगला आहे."

माझ्या नवऱ्याला गॅसचं सिलिंडर आणणाराही चांगलाच वाटतो.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

दुपारी हैदराबादच्या कुकटपल्लीतून निघालो. पुढे कुलदीपची जीप, मागे ट्रेलर. ट्रेलर म्हणजे चाकांवरची खोली: चार बाकं, एक शेगडी, आणि एक संडास, ज्याबद्दल मी लिहिणार नाही. "आपल्या पहिल्या भाड्याच्या जागेपेक्षा ऐसपैस आहे गं," किशोरने तीनदा सांगितलं.

विकाराबादच्या पुढे रस्ता संपला, तिथे मुक्काम. उतरताना कुलदीपने हात पुढे केला. "काकू, परेशान नका होऊ, आरामात या." दिला नाही हात. माझ्या पिशव्या त्यानेच आत नेल्या, चहा त्यानेच केला, आलं कमी पडलं का तेही विचारलं. इतकी सेवा देवळात असते, आणि तिथेही पुढे नवस असतो.

सामान लावताना मृण्मयी म्हणाली, "आई, तो कोपऱ्यातला खण तेवढा उघडू नकोस. कुलदीपच्या खासगी गोष्टी आहेत."

नोंद केली.

शनिवार, १५ नोव्हेंबर

सकाळी टेकडीवर. पंख जोडायला तासभर लागला. मृण्मयी पट्ट्याबिट्ट्या बांधून, हेल्मेट घालून तयार. किशोरने वजन कमी भरावं म्हणून नाश्ता निम्माच केला होता. कुलदीप काठावर उभा राहून गवत तोडून हवेत सोडत होता. अर्धा तास. मग परत आला आणि म्हणाला, "आज नक्को."

"का?"

"वारा आडवा येतोय, काकू. कुणालाच नै नेत."

शेजारी दुसरी टोळी होती. त्यांच्या माणसाने माझ्यादेखत तिघांना उडवून खालच्या माळावर सुखरूप उतरवलं. मी विचारलं, "त्यांचा वारा वेगळा असतो का रे?"

तो हसला. "त्यांचं त्यांना ठाऊक, काकू."

चिडलासुद्धा नाही! तीन शक्यता. एक, याला उडता येत नाही. दोन, येतं पण हा घाबरट आहे. तीन, होणाऱ्या सासूपुढे जबाबदारपणाचं नाटक चाललंय. तिसरी सगळ्यात वाईट. घाबरटाबरोबर संसार होतो, मी करतेच आहे.

मृण्मयीने निमूट हेल्मेट काढलं. याचाही मला संशय आला.

रविवार, १६ नोव्हेंबर

सकाळी तिघं टेकडीमागच्या तळ्यापर्यंत चालायला गेली. मी गुडघ्याचं कारण दिलं. गुडघा ठणठणीत आहे.

खण उघडला. बॅटरी, दोरीचं भेंडोळं, आणि एक वही. दुसऱ्याची वही वाचणं हे नीच काम आहे. हे मी माझ्याच वहीत लिहितेय, म्हणजे मला ते पुरेपूर कळतं. वाचली.

उड्डाणांची वही. पेन्सिलीने, ताठ उभ्या अक्षरात. कुणाला नेलं, कुणाला नाही, आणि का. एका ठिकाणी: "आबिड्सचे गृहस्थ. वजन दहा किलो कमी सांगितलं. नेलं नाही. रागावून गेले, पण चालत गेले." दुसरीकडे: "आईशी भांडून आलो. मन जागेवर नाही. आज मीच नापास." आणि शेवटची, कालची: "मृण्मयीला नेलं नाही. काकू बघत असतात. त्यांच्या नजरेतून मी आधीच पडलोय. तसा पडलेला माणूस हात स्थिर ठेवू शकत नाही. वाऱ्याचं कारण सांगितलं."

'पण चालत गेले' हे मला सुचायला हवं होतं. स्वतःला नापास करणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही, आरशात तर नाहीच. आणि माझ्यामुळे एका माणसाचा हात थरथरतो, हे वाचून हसू नाही आलं.

वही होती तशी ठेवली. तिघं परतल्यावर चौघं टेकडीवर गेलो. मी कुलदीपच्या खांद्यावर हात ठेवला. "ने तिला. मी आता नुसती बघणार आहे. तपासणार नाही."

तो गोंधळला. मग गवत सोडलं, काठावर बांधलेली वाऱ्याची दिशा दाखवणारी फीत बघितली. "हौ काकू, आत्ता चालतंय. वारा सरळ झालाय."

अजूनही वाऱ्यावरच ढकलतोय, माझ्यावर येऊ देत नाही! केवढा हा सभ्यपणा.

दोघं उतारावर धावली. सहा पावलं, सात, आणि पाय जमिनीवर नव्हते. माझी मुलगी एका कापडाखाली लटकून दरीवर तरंगत होती, आणि मी किशोरचं मनगट इतकं दाबलं की तो "अगं, अगं" म्हणाला. दहा मिनिटांनी ती खालच्या माळावर उभी होती. तिथून दोन्ही हात हलवत होती.

जीपमध्ये तिला सांगितलं, "माझा होकार."

"नक्की ना, आई?"

"नक्की."

ती लगेच खिडकीबाहेर बघायला लागली.

सोमवार, १७ नोव्हेंबर

मालनबाईंना फोन केला. "आमच्या पोराला तुम्ही ओळखलंत, ताई," म्हणाल्या आणि रडल्या. इकडे किशोर रडला.

रविवार, २३ नोव्हेंबर

मालनबाई आणि कुलदीप साखरपुड्याच्या पत्रिकेचा छापखान्याने दिलेला मराठी मसुदा घेऊन आले. मी कौतुकाने कागद त्याच्याकडे सरकवला. "आधी तू वाच. तुझी भाषा चांगली आहे."

तो लाजला. "कुठलं, काकू. मी तेलुगू मीडियमचा. मराठी बोलतो तेवढंच. वाचायला-लिहायला नै येत."

"आमच्यात मराठी निस्ती तोंडात राहिली, ताई," मालनबाई म्हणाल्या.

मृण्मयी चहा बघायला उठली. चहा आमच्या पुढ्यातच होता.

त्या वहीतलं तसं मराठी लिहिणाऱ्या या घरात दोघीच आहेत, आणि ती वही मी लिहिलेली नाही. आणि त्या शनिवारी वारा खरंच आडवा होता.

मसुद्यातल्या चार चुका सुधारल्या. तारखेला हात लावला नाही.