वायर दिसता कामा नये

तीर्थरूप हिरामण मामांस,

बदलापूरहून भाचा जितेश याचा नमस्कार. तुम्ही रागात आहात, पाय पुढे करणार नाही हे ठाऊक आहे, म्हणून ते जिथे असतील तिथे मी डोकं टेकवलं असं समजावं. गुडघा कसा आहे? भात कापून झाला का? रात्री झोप लागते ना? तब्येतीचं मुद्दाम विचारतोय. तुम्ही ठणठणीत आहात ही गोष्ट या पत्रात पुढे फार कामाची ठरणार आहे.

(फोन का नाही केला म्हणाल. मामा, माझ्या लग्नात मानाची टोपी तुमच्या डोक्याला लहान झाली, ती आम्ही मुद्दाम केलेली थट्टा समजून तुम्ही पंगतीतून उठून गेलात, तेव्हापासून तुम्ही आमचा फोन उचललेला नाही. आई तुमची सख्खी बहीण, तिचाही नाही. म्हणून हे पत्र दूधवाल्या राजूच्या टेम्पोतून तुमच्याकडे धरणावर धाडतोय. मामा शेवटच्या ओळीपर्यंत वाचत नाहीत तोवर तिथून हलायचं नाही, असं त्याला बजावलंय.)

तर बातमी अशी की आपल्याकडे भिंतीवरचा टीव्ही आला! काय सांगू मामा, टीव्ही कसला, कपाटाचं दार आहे नुसतं. उल्हासनगरला जाऊन घेतला. दुकानातल्या सिंधी शेठनं मला 'साईं, साईं' करत खुर्ची दिली, थंडा पाजला, आणि मी शुद्धीवर आलो तेव्हा टीव्ही टेम्पोत चढला होता. घरी आल्यावर तुमच्या सूनबाईनं, श्रद्धानं, एकच अट घातली. वायर दिसता कामा नये. अंबरनाथला तिच्या मैत्रिणीकडचा टीव्ही म्हणे भिंतीवर नुसता तरंगतो, वीज कुठून येते देवाला ठाऊक. मी म्हटलं त्यात काय, आपलाही तरंगेल.

आता आमच्या भिंतीचं ऐका. आपल्या मोरिवलीच्या घरात खिळा ठोकला की पलीकडच्या खोलीत टोक निघायचं. इथे या नव्या टॉवरात सगळ्या भिंती ओतीव काँक्रीटच्या, विटेचं नाव नाही. त्यात बिल्डरनं प्लगचा बोर्ड दिलाय खिडकीच्या कोपऱ्यात, खाली, आणि टीव्ही हवा भिंतीच्या मधोमध. म्हणजे वायर टीव्हीमागून निघणार, भिंतभर आडवी चालणार आणि कोपऱ्यात खाली उतरणार. माझ्या कंपनीत राजरत्न म्हणून इलेक्ट्रिशियन आहे, त्याला आणला. (माणूस हुशार, पण माझ्यासारखाच, लगेच हुरळतो. आम्हा दोघांना एका कामावर ठेवू नये असं सुपरवायझरही म्हणतो.) तो म्हणाला, भिंतीत खाच मारू, आत पाइप गाडू, वरून प्लास्टर. मशीन लावलं तर भिंतीवर जेमतेम ओरखडा उठला आणि अख्खी बिल्डिंग थरथरली. तळमजल्यावरच्या काकूंना वाटलं त्यांचाच ओटा कोणी फोडतंय. सेक्रेटरी बनियनवर धावत आले. या भिंतींवरच बिल्डिंग उभी आहे, आत सळया आहेत, हुकापुरती भोकं पाडा पण खाच माराल तर कमिटीपुढे उभं करीन, असा दम देऊन गेले. (माणूस वाईट नाही. जाताना किती इंची ते विचारून गेले.)

मग प्लास्टिकची केसिंग पट्टी लावली, तिच्या पोटात वायर. मला तर झकास वाटली. श्रद्धानं लांबून बघितलं, जवळून बघितलं आणि तलाठ्याच्या ऑफिसात आल्यासारखं वाटतंय म्हणाली. पट्टी उतरली. मग राजरत्नला सुचलं की वायरीवर प्लास्टिकची वेल सोडू. सोडली! इतकी सुंदर दिसली मामा, की आम्ही दोघं समोर बसून वेलच बघत राहिलो, टीव्ही लावायचं विसरलो. पण ती खोटी आहे हे आईला सांगायचं राहून गेलं. आई पडली शेतातली बाई. तिनं रोज सकाळी तांब्याभर पाणी घालायला सुरुवात केली. एके दिवशी कोपऱ्यातल्या बोर्डातून फाट्‌ असा आवाज आला आणि घरभर अंधार. टीव्ही वाचला, आईही वाचली. तिचा राग मात्र वेलीवर, एवढं पाणी पिऊन मेलीनं एक पान नवं टाकलं नाही म्हणून.

आणि मग मला सुचलं! फोटो! बुधाजी आजोबा, द्रौपदी आजी, रघुकाका आणि आमचे बाबा, सगळे मोरिवलीहून आल्यापासून पलंगाच्या पेटीत पडून होते. या घरात बापजाद्यांना जागा नाही, असं आई सारखी म्हणायची. या जुन्या चौकटी हुकावर थोड्या पुढे झुकून राहतात, मागून वायर आरामात जाते. राजरत्ननं हुकापुरती भोकं पाडली, सेक्रेटरींना विचारून. आईनं एकेक फोटो पदरानं पुसला, जुने चंदनाचे हार नीट केले आणि म्हणाली, आता घर भरलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं वायर लपल्याचा आनंद झालाय.

पण बाबांच्या पुढे कोपऱ्यापर्यंत हातभर वायर उघडी राहिली, आणि आमच्याकडे गेलेली माणसं संपली. त्यावरही मी उपाय काढला. तपशिलात शिरत नाही. त्या संध्याकाळी वायर कुठ्ठे म्हणजे कुठ्ठे दिसत नव्हती, श्रद्धानं टाळ्या वाजवल्या आणि राजरत्न दोनदा चहा प्यायला, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

बाकी इकडे सगळे खुशाल. तुम्हीही तसेच आहात, हे चारचौघांना दिसेल असं राहावं.

तुमचा भाचा,
जितेश

ता. क. तो उपाय सांगूनच टाकतो. माझ्या लग्नातला तुमचा एक फोटो होता, टोपी डोक्यावर नुसती टेकवलेली आणि तुम्ही फोटोवाल्याकडे खाऊ की गिळू असे बघताय, तो. तो चौकटीत बसवला आणि बाबांच्या शेजारी लावला. छान दिसत होतात. पण तुमच्याच खालून वायर बोर्डाकडे उतरते. ती झाकायला काहीतरी लांब आणि लोंबतं हवं होतं. बाकीच्यांना हार होतेच. म्हणून, मामा, तुम्हालाही घातला. हेतू फक्त वायरीचा होता.

आणखी ता. क. काल सखूआत्या जांभूळहून टीव्ही बघायला आली. टीव्ही राहिला बाजूला, ती ओळीनं एकेका फोटोच्या पाया पडत गेली आणि तुमच्यापाशी थांबली. मी आतून चहा घेऊन येईतो ती हंबरडा फोडून जिना उतरलीसुद्धा. तेव्हापासून तिचा फोन लागत नाही, कारण ती सगळ्यांना फोन करतेय. तेव्हा माणसं दुखवट्याची चहापावडर-साखर घेऊन तुमच्या दारात येतील. आली असतील तर दार एकदम उघडू नका, आतून खोकून मग उघडा, त्यात म्हातारी माणसं आहेत. साखर ठेवून घ्या, परत केली तर वाईट दिसतं.

शेवटचा ता. क. आता खरं लिहितो. सखूआत्यानं पहिला फोन आईलाच केला. आई तेव्हा मोरिवलीला गेलेली. ती बदलापूरपर्यंत रिक्षात रडत आली मामा, रिक्षावाल्यानं तिच्याकडून भाडं घेतलं नाही. दारात मी हात जोडून सगळं सांगितलं. मला वाटलं मारेल. तिनं हार ओढून काढला, तुमचा फोटो उतरवला आणि एवढंच विचारलं, "माजा भाव जिता हाय. त्याला हार कोनी घातला?" तेव्हापासून फोटो मांडीवर घेऊन बसली आहे, खाली ठेवत नाही. कोपऱ्यातली वायर उघडी लोंबते आहे आणि श्रद्धा त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. त्या जागी दुसरं काही लावायची आमची कोणाची छाती नाही. तेव्हा रविवारी या. तुमचा आणि आईचा एकत्र फोटो काढू, उभ्या लांब चौकटीत बसवू, ती पार बोर्डापर्यंत पोचेल. हार नाही, शपथ. टोपी मी या खेपेला मापानं शिवून घेतो, फक्त डोक्याचा घेर राजूबरोबर सुतळीनं मोजून पाठवा.

(एवढं आईला वाचून दाखवलं. ती म्हणते, लिही त्याला, "टोपीचा राहू दे. नुसता डोका घेऊन ये.")