अध्यक्षांची पहिली गाडी

मंगळवार, १४ तारीख

दादा,

नमस्कार. मी धडधाकट आहे, दोन वेळा जेवतो, दाढी वाढलीय. मध्यंतरी बोटी रंगवायचं काम केलं. तिथल्या रंगाऱ्याची एक गंमत आहे, पण ती सांगत बसलो तर मुद्दा राहील.

सध्या चाऱ्याच्या वखारीत आहे. पेंढ्यापासून पळालो आणि पेंढ्यातच येऊन पडलो. परवा मुकादमाने मला एका गंजीत कोपरापर्यंत हात घालायला लावला. चटका बसला. म्हणाला, ओला गठ्ठा दाबून ठेवला की आतल्या आत तापतो आणि महिन्याभराने आपणहून पेटतो, काडी लागत नाही. माझं तोंड बघून सगळे हसले. मला हसू येईना.

आपल्या सोसायटीची गंजी आठवली. दोनशे घरांचा पेंढा, वीजकेंद्राला जळण म्हणून विकलेला, तिथे जायच्या आधीच तीन दिवस जळत होता.

वहिनीचं पत्र मिळालं. तू वाळलास हे तिने तीनदा लिहिलंय. आणि एकदाच, खाली, बारीक अक्षरात, की चौकीदारकाकांना दुकानात कुणी सामान देत नाही आणि सोमवारच्या सभेत त्यांना कामावरून कायमचं काढणार. दम्याचा माणूस तो. शेजारी चूल पेटली तरी खोकत उठून जायचा. त्याच्या विडीने गंजी पेटली, असं आपण गावाला पटवलं. गावही गुणी, पटवून घेतलं.

हंगामाची पहिली गाडी अध्यक्षांची, म्हणजे तुझी. तिच्या गठ्ठ्यांत ओलावा मोजायची सळई खुपसायची नाही, हा मान. बाकीच्यांच्या गाड्यांत मी खुपसायचो. आकडा चौदाच्या वर गेला की गाडी माघारी. त्या दिवशी तुझ्या गठ्ठ्याची दोरी धरली तर तळवा ओला झाला. मी म्हणालो, "दादा, भिजलेले वाटतात."

तू म्हणालास, "घरच्या गाडीला सळई लावतोस का रे?"

लोक हसले. मीही हसलो आणि वहीत बारा लिहिलं. पहिली गाडी, म्हणून गंजीच्या पोटात गेली.

इथे उठून चहा पिऊन आलो. पुढचं लिहवत नव्हतं.

आग विझल्यावर तू कागद पुढे केलास. आगीचं कारण दिलं नाही तर वीजकेंद्र करार मोडेल, दोनशे घरं बसतील, काकांना मी सांभाळीन, असं म्हणालास. कागदावर होतं की मी काकांना विडी ओढताना पाहिलं. मी सही केली. त्यांना फाटकाबाहेर काढलं तेव्हा ते माझ्यापाशी थांबले आणि म्हणाले, "तू तर मला ओळखतोस." मी चपलेकडे बघत राहिलो. दुसऱ्या दिवशी गाव सोडलं. लोक म्हणाले असतील, याच्या पायाला भिंगरी आहेच. भिंगरी कसली, तोंड लपवत फिरतोय.

काकांना छान सांभाळलंस.

या पत्राची नक्कल, सहीसकट, याच टपालाने काकांना पाठवतोय. सोमवारी ते ती वाचतील, नाहीतर त्याआधी तू उठून बोलशील. खुर्ची दोन्हीकडून जाणार. मी रविवारी येतोय. घरी नाही, काकांकडे उतरेन, त्यांनी दार उघडलं तर.

शेवटी आशीर्वाद मागायचे असतात. या वेळी राहू दे.

तुझाच भाऊ, त्याला इलाज नाही,
धाकटा